बहिणीची नक्कल

तू "या कुटुंबातलं कोण" एवढं म्हणालास आणि थांबलास. मी प्रॉम्प्टरच्या खुर्चीतून शब्द दिला, "जिवंत." तू बोलला नाहीस. मी पुन्हा म्हटलं, "जिवंत उतरलं." तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, म्हातारा झालाय, अडला. तिसऱ्यांदा मी हॉलच्या मागच्या भिंतीला ऐकू जाईल असं म्हटलं, "जिवंत!" तू डोक्यावरची अधिकाऱ्याची टोपी काढून टेबलावर नीट ठेवलीस, टेबल धरलंस आणि टेबलासकट खाली गेलास.

मी उठले नाही.

नियम तुझाच, दिनू. "आक्का, नट अडला तर तीनदा शब्द द्यायचा. चौथ्यांदा नाही. आणि काही झालं तरी खुर्ची सोडायची नाही. प्रॉम्प्टर उठला की नाटक मेलं." बार्शीला मांडवात साप निघाला तेव्हाही मी खुर्ची सोडली नव्हती, पाय वर घेतले होते. तशीच त्या रविवारी इथे आयर्लंडात, कासलबारच्या चर्चच्या हॉलमध्ये, तालमीला बसून राहिले. केदार धावला. त्याने तुझी छाती दाबायला घेतली. गॉलवेहून आलेल्या दोन पोरी रडायला लागल्या. मी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते, कारण तू ओळ पुरी केली नव्हतीस.

मेधा हॉस्पिटलमधून धावत आली, गळ्यात ओळखपत्र तसंच. तिने तुला पाहिलं, मग माझ्याकडे आली.

"आई, वही खाली ठेव."

"मामाची ओळ राहिलीय."

"आई. वही."

तेव्हा मी वही मिटली.

मेधा म्हणते, "आई, तू लगेच उठली असतीस तरी काही फरक पडला नसता." ती डॉक्टर आहे, तिला माहीत असेल. तुला फरक पडला नसेल. मला पडतो. भाऊ जात होता आणि मी त्याला शब्द देत बसले होते.

केदारने मला दोन शब्द लिहायला सांगितलेत. केदार म्हणजे इथल्या आपल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी, तुला माहीत आहे, पण हे इतरही वाचणार आहेत. तुझा जन्म, पोस्टातली नोकरी, बक्षिसं हे सगळं त्याने मोबाइलवर सगळ्यांना पाठवलं. त्यात दोन चुका आहेत. त्या मी सांगितल्या नाहीत. तुला पोस्टमास्तर केलंय त्याने. असू दे, बढती मिळाली.

मी दोन शब्द लिहिणार नाही, जास्त लिहीन. भांडण अर्धं राहिलंय.

आधी नक्कल म्हणजे काय ते सांगते, कारण हल्लीच्या पोरांना प्रत्येकाला अख्खं नाटक फोनवर मिळतं. आपल्या वेळी तसं नव्हतं. अख्खी संहिता एकच. नटाला मिळायची फक्त त्याची नक्कल. त्यात त्याची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते शब्द कानावर पडले की आपण बोलायचं. मधे समोरचा काय बोलतो ते तालमीत कळेल तेव्हा कळेल. या नकला मी उतरवायचे. तुझं अक्षर तुलासुद्धा लागायचं नाही.

आई गेली तेव्हा मी चौथी पास झाले होते आणि तू पाळण्यातून नुकता बाहेर आला होतास. माझी शाळा तिथे संपली. ह्यात रडण्यासारखं काही नाही, घरात भाकरी कुणीतरी करायची होती. पण कित्ता गिरवून अक्षर मोत्यासारखं झालं होतं, ते वाया जात होतं. तू शाळेच्या गॅदरिंगला पहिलं नाटुकलं लिहिलंस, नऊ वर्षांचा होतास, आणि मला म्हणालास, "आक्का, तू नीट लिहून दे, मास्तर वाचत नाहीत." तेव्हापासून उतरवतेय. लग्न झालं, तरी नकला माझ्या सासरी यायच्या. मेधाचे बाबा गेले, ती चार वर्षांची होती, आणि मी परत तुझ्या घरी आले, तेव्हा तू पहिल्या दिवशी काय बोललास आठवतं? "बरं झालं. स्पर्धेचं नाटक आहे, सात नकला उतरवायच्या आहेत." लोकांना वाटलं, किती दगड आहे हा. मी त्या रात्री पहिल्यांदा जेवले.

तू लग्न केलं नाहीस. मेधाला तू शिकवलंस. ह्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत आणि आताही मानत नाही. तू ते आभारासाठी केलं नव्हतंस.

आता ओवेनचं.

तू तीन महिन्यांसाठी इथे मेधाकडे आलास ते मला भेटायला, असं तू विमानतळावर म्हणालास. आठव्या दिवशी तू गावच्या वाचनालयात जाऊन बसायला लागलास. तिथल्या मॉरीनबाईंनी तुला विचारलं, तुम्ही काय करता, तर तू पोस्टात होतो असं नाही सांगितलंस. नाटकं लिहितो म्हणालास. मग त्या आतून एक पातळसं पुस्तक घेऊन आल्या. आमच्या इथला एक होता, म्हणाल्या, अमेरिकेत जाऊन नाटकं लिहायचा, तिकडे नुकतं स्वतंत्र झालेलं राज्य होतं तेव्हा. इथे त्याला कुणी ओळखत नाही, तिथेही नाही.

तू घरी आलास ते बूट न काढता स्वयंपाकघरात. "आक्का, ऐक." मी भाजी निवडत होते. तू ऐकवलंस.

ओवेन विणकराचा मुलगा. गावाबाहेर, इथून चालत जाता येईल एवढ्यावर त्यांचं घर होतं. तो नऊ वर्षांचा, बहीण ब्रिजिड पंधराची. आई दोघांना घेऊन बोटीत बसली, बोटीत ताप आला, आई वाटेतच गेली, तिला समुद्रात सोडलं. दोघं फिलाडेल्फियाला उतरले. ब्रिजिड एका थिएटरात कपडे शिवायला लागली. एका पाद्र्याच्या बायकोने तिला अक्षरओळख करून दिली, तर ती तिथे नकला उतरवायला लागली.

मी भाजी निवडायची थांबले. तू ते पाहिलंस आणि हसलास.

ओवेन थिएटरात आधी दिवे लावायचा. मग प्रॉम्प्टर झाला. मग लिहायला लागला. तिथे त्या वेळी सगळी नाटकं लंडनची व्हायची, लॉर्ड आणि त्याची बायको आणि त्यांचे नोकर. ह्याने धक्क्यावरची माणसं आणली, कोळी आणले, शेतात राबणारे आणले, त्यांच्याच बोलीत. लोकांना आवडायचं. मालक जाहिरातीवर ह्याचं नाव टाकायचा नाही, ह्याला कोण ओळखतं म्हणायचा. चौदा नाटकं केली. मग थिएटर जळलं आणि सगळ्या संहिता त्यात गेल्या. ओवेन जगला, पण पुन्हा काही लिहिलं नाही. एका शाळेत पोरांना पाठांतर शिकवत म्हातारा झाला.

एकच नाटक आगीतून वाचलं. तेही अख्खं नाही. ब्रिजिडच्या शिवणाच्या डब्यात त्याच्या नकला होत्या. भावाची, आईची, खलाशाची, कप्तानाची, बंदरावरच्या अधिकाऱ्याची. तेच नाटक, दोन भावंडं आणि आई बोटीने जातात त्याचं. सगळ्या नकला जोडून कुणीतरी पुढे छापलं. फक्त एक नक्कल सापडली नाही, बहिणीची. त्यामुळे पुस्तकात सगळे बोलतात, आणि बहीण बोलते तिथे रेघ, आणि रेघेच्या शेवटी तिचे दोन-तीन शब्द. कारण तेवढे दुसऱ्यांच्या नकलांत होते.

तू म्हणालास, "मी ह्याचं मराठी करतो. मंडळाला नाटक पाहिजेच आहे. बहिणीची वाक्यं मी लिहितो."

मी म्हटलं, "लिही. पण एवढी एकच नक्कल कशी हरवली?"

"जळली असेल."

"बाकीच्या डब्यात होत्या ना? मग ही एकटी जळायला बाहेर का गेली?"

"आक्का, दोनशे वर्षं झाली. उंदरांनी खाल्ली असेल."

"उंदीर निवडून खात नाहीत."

इथून भांडण सुरू झालं, ते तू जाईपर्यंत चाललं. माझं म्हणणं मी पुन्हा मांडते, चार माणसांसमोर. ती नक्कल हरवली नाही. ती कधी उतरवलीच नव्हती. जी बाई सगळ्यांच्या नकला उतरवते तिला सगळं नाटक पाठ असतं. प्रत्येकाचं वाक्य तिने लिहिलेलं, प्रत्येकाच्या आधीचे शब्द तिने लिहिलेले. तिला स्वतःला नक्कल लागत नाही. म्हणजे बहिणीचं काम ब्रिजिडने स्वतः केलं होतं.

तू हसलास. "शिवणकाम करणारी बाई? त्या काळात? स्टेजवर? आक्का, हे संशोधनाचं काम आहे. चौथी पासचं नाही."

"चौथी पासनेच तुझी गणितं सोडवली."

"दुसरीची."

"तिसरीचीही. अपूर्णांक कुणी शिकवले?"

मेधा बशा धूत होती. ती म्हणाली, "मामा, हरलास. अपूर्णांक मलाही आईनेच शिकवले." तू वही उचलून दुसऱ्या खोलीत गेलास. हरलास की तू खोली बदलायचास.

तुझी ती वाक्यं मी उतरवत होते ना, म्हणून सांगते. बाकीचं नाटक तू फार चांगलं केलंस. तो खलाशी अगदी आपल्या एसटी स्टँडवरच्या हमालासारखा बोलतो आणि तरी बोटीवरचा वाटतो. पण बहीण आली की तू भाषण करायला लागायचास. मातृभूमी, लाटा, क्षितिज. पोरगी पंधरा वर्षांची आहे, आई तापाने फणफणलीय, आणि ही क्षितिज म्हणतेय. मी उतरवायला नकार दिला. तू म्हणालास, "तू उतरव, मत देऊ नकोस." मी म्हटलं, "हात माझा दुखतो, मत माझं राहणार." शेवटचा प्रवेश तर तू अकरा वेळा लिहिलास. बोट बंदराला लागते, अधिकारी यादी घेऊन विचारतो, या कुटुंबातलं कोण जिवंत उतरलं, नाव सांग. बहीण उत्तर देते, पडदा. तिच्यानंतर कुणी बोलत नाही, म्हणून कुणाच्या नकलेत तिचा एक शब्दसुद्धा नाही. तिथे पुस्तकात नुसती रेघ आहे. त्या रेघेवर तू दीड पान लिहायचास आणि फाडायचास.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. ती जुनी आहे.

सोलापूरच्या स्पर्धेत आपलं नाटक होतं, बाप मरतो ते. मुलीचं काम करणाऱ्या बाईला कावीळ झाली. दोन दिवस उरलेले. दुसरी बाई मिळाली, शिक्षिका होती, पाठांतर पक्कं. तिच्यासाठी मी नवी नक्कल उतरवली. तिला तालीम मिळालीच नाही, नुसती कुठून येते कुठे जाते एवढं दाखवलं. बाप गेल्यावर मुलीचं दीड पानाचं भाषण होतं, शेवटचे शब्द "चहा टाकते". त्या शब्दांवर काका बोलायचा. स्टेजवर बाप गेला, ती बाई उभी राहिली, सगळ्यांकडे पाहिलं, म्हणाली, "सगळे दमले असाल. चहा टाकते." आणि आत गेली. दीड पान गायब. काकाला त्याचे शब्द मिळाले, तो बोलला, नाटक पुढे गेलं. आणि थिएटरात माणसं अशी रडली की मला खुर्चीत ऐकू आलं. पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी त्या चहाचं नाव घेऊन कौतुक केलं.

तू आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस. मी सांगितलं, पानं चिकटली होती, एक पान उलटायचं राहिलं.

पानं चिकटली नव्हती, दिनू. मी मुद्दाम केलं. आईला उचललं त्या दिवशी मी काय बोलले होते ते मला आठवत होतं, तुला आठवणं शक्य नव्हतं. मी चहाच टाकला होता. शेवटचे शब्द सांभाळले की मधलं कुणाला कळत नाही, एवढं मला तोपर्यंत समजलं होतं.

नवव्या दिवशी तू संहिता घेऊन बसलास आणि स्वतःच्या हाताने ते दीड पान खोडलंस. म्हणालास, "पाहू." एवढंच. तुझ्या आयुष्यात तू कुणाचं काही मान्य केलंस तर "पाहू" म्हणायचास. पुढे ते नाटक छापलं तेव्हा त्यात चहाच होता. मला तू कधी विचारलं नाहीस. मला वाटतं तुला माहीत होतं. माहीत होतं का? हे आता कोण सांगणार.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी केदार आणि मेधा माझ्यासमोर बसले. केदार चांगला पोरगा आहे. गॉलवेला कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, रविवारी गाडी काढून तालमीला येतो. त्याला वाईट वाटत होतं, त्यामुळे तो जास्त बोलत होता.

"आक्का, ॲक्च्युअली आम्ही असा विचार केला की नाटक आपण कॅन्सल करू. म्हणजे पोस्टपोन. त्याच दिवशी हॉल बुक आहेच, तर मामांची शोकसभा घेऊ. फोटो, दिवा, दोन-चार जण बोलतील. पुढच्या वर्षी मग बघू, ग्रँड होईल सगळं."

इथे सगळे कशालाही ग्रँड म्हणतात. माणूस गेला तरी ग्रँड.

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी कोण बघणार? मी अठ्ठ्याहत्तरची आहे."

"पण आक्का, सुतक असताना लोक काय म्हणतील?"

"लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीन दिवस. काल संपलं. तुला कसलं सुतक आहे, तू त्याचा कोण?"

मेधा म्हणाली, "आई, हळू."

"हळू काय? त्याचं काय आहे ते मला कळतंय. फोटो लावायचा, चार जण सांगणार ते किती थोर होते, समोसे खायचे, घरी जायचं. आणि नाटक फाईलमध्ये. त्या ओवेनची तेरा नाटकं आगीत गेली. दिनूचं हे कपाटात जाईल. फरक काय?"

केदार खाली बघत म्हणाला, "पण बहिणीची नक्कल कुठाय आक्का? मामांनी ती लिहूनच नाही ना दिली. प्राजक्ता बहिणीचं काम करतेय, पण तीन आठवडे नुसते शेवटचे शब्द म्हणतेय. ती म्हणाली मी नाही करणार, मला रडू येतं."

हे खरं होतं. मी मेधाला विचारलं, मामाची फाईल कुठाय. "प्रेसमध्ये ठेवलीय," म्हणाली. कपाटाला हे लोक प्रेस म्हणतात, आता माझी मुलगीही म्हणते. फाईल काढली. सगळ्या नकला माझ्या अक्षरातल्या, टाचलेल्या. बहिणीची फक्त कोरी. तू त्यावर शेवटचे शब्द उतरवून ठेवले होतेस, तुझ्या त्या कोंबडीच्या पायाच्या अक्षरात, आणि मधे जागा सोडली होतीस. पहिल्या पानावर वर, जिथे आपण नटाचं नाव लिहितो, तिथे प्राजक्ताचं नाव लिहून खोडलं होतं. खाली लिहिलं होतं, "आक्काचं म्हणणं. पाहू."

मी ते दोघांना दाखवलं नाही. आधी कोट घातला आणि मेधाला म्हटलं, मला वाचनालयात सोड.

मॉरीनबाईंना तू गेल्याचं कळलं होतं. त्या टेबलाच्या मागून बाहेर आल्या आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "सॉरी फॉर युअर ट्रबल." इथे सगळे हेच म्हणतात, तीच तीन-चार माणसं पुन्हा भेटली तरी. मला ते बरं वाटतं. रडत नाहीत, सल्ला देत नाहीत, तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटलं म्हणतात आणि हात सोडतात. मी मेधाला विचारायला सांगितलं, माझा भाऊ शेवटी कधी आला होता. तर गुरुवारी. काय विचारलं? मेधा ऐकून मला सांगत गेली. तू त्यांना विचारलंस, त्या काळात न शिकलेली, शिवणकाम करणारी बाई अमेरिकेत रंगमंचावर उभी राहणं शक्य आहे का. त्यांनी सांगितलं, मला माहीत नाही, पण का नाही राहणार? मग तू पुस्तकातलं नटांच्या नावांचं पान मागितलंस. भावाच्या पुढे नटाचं नाव, कप्तानाच्या पुढे नाव, आईच्या पुढे नाव. बहिणीच्या पुढे छापलंय, "एक बाई".

"ते पान पाहून ते बराच वेळ बसले," मॉरीनबाई म्हणाल्या. "मग हसले आणि म्हणाले, घरी मला आता खोली बदलावी लागेल. मला काही समजलं नाही. तुम्हाला समजतं का?"

मला समजलं.

ह्याने काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. एक बाई म्हणजे कुणीही बाई. पण तू गुरुवारी हे पाहिलंस आणि रविवारपर्यंत बोलला नाहीस. तालीम झाल्यावर सांगणार असशील. तुझी सवयच ती, सगळं तालमीनंतर. शुक्रवार होता, शनिवार होता, दोन वेळा आपण समोरासमोर जेवलो. त्याचा मला राग आहे. तो जाणार नाही, आणि मी तो घालवणारही नाही.

त्या संध्याकाळी मी केदारला फोन लावायला सांगितला. "बहिणीचं काम मी करते."

तो म्हणाला, "आक्का, ती पंधरा वर्षांची आहे."

"ब्रिजिडने केलं तेव्हा तीही पंधराची नव्हती. भाऊ मोठा होऊन चौदा नाटकं लिहीपर्यंत ती काय पंधराचीच राहिली?"

"पण तुम्ही कधी स्टेजवर…"

"पन्नास वर्षं स्टेजच्या बाजूला बसलेय. दोन पावलं आत यायचंय."

मग तो हसला, तू गेल्यानंतर पहिल्यांदा. म्हणाला, "मामा असते तर मेलो असतो मी." आणि लगेच, "सॉरी सॉरी, आक्का." मी म्हटलं, सॉरी कशाला, बरोबर बोललास, त्याने तुला उभा सोलला असता. तालीम कधी आहे ते सांग.

बहिणीची वाक्यं मी पाच सकाळी बसून लिहिली. मेधा कामावर गेली की टेबल माझं. बाहेर पाऊस, आत हीटर, आणि तुझ्या चष्म्याची पेटी समोर, कारण ती कुठे ठेवायची ते ठरलेलं नाही. अवघड गेलं नाही. तू शेवटचे शब्द दिले होतेस, मला मधलं भरायचं होतं, ते मी आयुष्यभर केलंय. आई पाणी मागते तिथे बहिणीचे शेवटचे शब्द होते "अजून आहे". तू त्याच्या आधी आशेवर एक परिच्छेद लिहिला होतास. मी लिहिलं, "थोडंच पी. भांड्यात अजून आहे." भांड्यात काही नसतं, हे बघणाऱ्यांना दिसतं. भाऊ विचारतो आई कुठे नेली, तिथे शेवटचे शब्द "टोपी घाल". मी आधी काहीच लिहिलं नाही. नुसतं, "टोपी घाल." समुद्रावर वारा असतो, पोर नऊ वर्षांचं आहे. तू म्हणाला असतास, हे फार कमी झालं. मी म्हटलं असतं, तू कमी बोलायला कधी शिकलास? तू खोली बदलली असतीस.

दिनू, तुझी लांब वाक्यं मला आवडायची. हे मी कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू अजून लांब लिहिली असतीस. मी खोडायचे ते माझ्या हातासाठी आणि नटाच्या श्वासासाठी. उतरवताना पहिल्यांदा मीच वाचायचे, जगात सगळ्यात आधी, आणि बऱ्याचदा पोळी तव्यावर करपायची. एवढं लिहिलं ते पुरे.

तुझ्या अस्थी मेधा दिवाळीत बार्शीला नेणार आहे. तुझं परतीचं तिकीट होतं, ते कंपनीने रद्द करून दिलं. तुझे बूट मी ठेवलेत, बाकी कपडे मेधाने चर्चच्या दुकानात दिले. तुझा तपकिरी स्वेटर गावात कुणाच्या तरी अंगावर दिसेल एखाद्या दिवशी. दिसला तर मी बघेन, बोलणार नाही.

रविवारी साडेतीनला पडदा आहे. अधिकाऱ्याचं काम मलिंगारहून येणारा डॉक्टर करतोय. त्याला ती टोपी मोठी होते, आत कागद घातलाय. जाहिरातीवर मी तीन नावं घालायला लावली, ओवेनचं, तुझं आणि नकला उतरवणारी म्हणून ब्रिजिडचं. केदार म्हणाला, चौथं? मी म्हटलं, माझं नाव नाटकात येतंय, कागदावर नको.

प्रॉम्प्टरच्या खुर्चीत मेधा बसणार आहे. तिला मी सगळं शिकवलं. आवाज कुठे टाकायचा, पान कधी उलटायचं, दिवा कसा धरायचा. मग तिने विचारलं, "आणि तीनदा द्यायचा ना शब्द? चौथ्यांदा नाही?"

मी म्हटलं, तो नियम मामाचा होता, तो त्याच्याबरोबर गेला. आता नियम असा आहे, मी थांबले तर एकदा शब्द दे. नाही बोलले तर वही टाक आणि उठून ये. नाटक मेलं तर मरू दे.

वहीच्या पहिल्या पानावर तिने ते लिहून घेतलं.

शेवटची रेघ राहिली होती. ती मी सगळ्यात शेवटी भरली, एका ओळीत, आणि मला तिच्यासाठी नक्कल लागणार नाही. अधिकारी यादी काढतो. तू जिथे थांबलास तिथे तो पोरगा आता थांबत नाही, पुरतं विचारतो, "या कुटुंबातलं कोण जिवंत उतरलं? नाव सांग." त्याने नाव विचारलंय. समुद्र विचारला नाही, मातृभूमी विचारली नाही. ब्रिजिड काय म्हणाली ते कुणाला माहीत नाही, म्हणून मी माझंच लिहिलं. त्याच हॉलमध्ये, त्याच टेबलासमोर उभी राहून मी ते रविवारी म्हणेन.

"आई गेली. भाऊ गेला. मी सुमन, मी आहे."